मेटल डिटेक्टर वाजला, पण तेवढ्यावर भरवसा ठेवायचा का?



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि दुसऱ्याच दिवशी पाचवीतल्या एका मुलाचे वडील विसरलेला डबा द्यायच्या निमित्ताने वर्गाशी आले. डबा दिला, पण निघेनात. मग खिशातून मोबाईल काढून त्यांनी एक व्हिडिओ माझ्यापुढे धरला. एक माणूस लांब दांडीचं, खाली चकती असलेलं यंत्र फरशीवरून फिरवतोय. फरशीवर नाणं ठेवलंय. चकती नाण्यावर आली की यंत्र 'टुंई' करतं. मग तो माणूस सांगतो, नवीन मॉडेल आहे, दहा फूट खोलवरचं सोनं दाखवतं. किंमत पन्नास हजारांच्या वर.

"मॅडम, तुम्ही सायन्स शिकवता. घ्यावं का?"

त्यांच्या बांधाला एका जुन्या वाड्याची पडकी भिंत आहे, आणि तिथे गुप्तधन असल्याची बोलवा घरात आजोबांपासून चालत आलेली. सोयाबीनचे पैसे नुकतेच हातात आले होते. मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. म्हटलं, दादा, पंधरा दिवस थांबा. नवीन यंत्राची परीक्षा कशी घेतात ते मी मुलांना शिकवते, तुम्हीही एक दिवस येऊन बसा. त्या पंधरा दिवसांत वर्गात जे झालं आणि त्यासाठी मी जे वाचलं, ते इथे मांडते. तुमच्या वर्गात जसंच्या तसं करता येईल.

आधी यंत्र चालतं कसं ते थोडक्यात. खालच्या चकतीत तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल असते. तिच्यातून सतत उलटसुलट होणारा वीजप्रवाह सोडतात, त्यामुळे भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे क्षेत्र धातूच्या वस्तूत शिरलं की त्या धातूत भोवऱ्यासारखे गोल फिरणारे छोटे प्रवाह सुरू होतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं एक अगदी हलकं चुंबकीय क्षेत्र असतं. यंत्र ते परत आलेलं क्षेत्र ओळखतं आणि वाजतं. म्हणजे हे यंत्र सोनं 'बघत' नाही. समोर वीज वाहून नेणारं काहीतरी आहे, एवढंच त्याला कळतं. ते सोन्याचं वळं आहे की गुटख्याच्या पुडीचा चकचकीत कागद, हे महागडी यंत्रं अंदाजाने सांगतात, आणि तो अंदाज चुकतोही.

वर्गात आमच्याकडे मेटल डिटेक्टर कुठला असणार! पण मोबाईलमध्ये त्या नावाचं ॲप फुकट मिळतं, तेच मी घेतलं. मुलांना सांगितलं, हे आपलं नवीन यंत्र, हे खरं आहे की खोटं ते तुम्ही सांगायचं.

मुलं लगेच कामाला लागली. मोबाईल बेंचवर ठेवला तर आकडा एकदम चढला आणि सगळे ओरडले, "सापडलं!" काय सापडलं? बेंचचे लोखंडी पाय. मैदानात उघड्यावर नेल्यावर तोच आकडा चाळिशीच्या आसपास येऊन स्थिर झाला. ते पृथ्वीचं स्वतःचं चुंबकत्व. (ॲपमध्ये ते मायक्रोटेस्ला या एककात दिसतं, मुलांना फक्त 'आकडा' म्हटलं तरी चालतं.) मग मैदानातच एकेक वस्तू जवळ नेली. सायकलचा नट नेला, आकडा चढला. सेफ्टी पिन, थोडासा चढला. पाच रुपयांचं पिवळं नाणं, काही नाही. पितळी तांब्या, काही नाही. ॲल्युमिनियमचा डबा, काही नाही. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ह्याला फक्त लोखंडच धातू वाटतं!" अगदी बरोबर. मोबाईलमध्ये कॉइल नसते, होकायंत्रासाठी बसवलेला चुंबकीय सेन्सर असतो. लोखंड किंवा चुंबक जवळ आला तरच तो हलतो. ॲपच्या नावात 'मेटल' आहे म्हणून ते सगळे धातू ओळखेल असं नाही.

बेंचच्या पायांचा हा गोंधळ बघताना मला जी गोष्ट आठवली ती मुलांना सांगितलीच, तुम्हालाही सांगते.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची खाट

२ जुलै १८८१. वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला घासून गेली, दुसरी पाठीतून आत शिरली आणि आतच राहिली. एक्स-रेचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. गोळी नेमकी कुठे आहे हे बघायला डॉक्टर जखमेत बोटं आणि सळया घालत होते, न धुतलेल्या.

टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तेव्हा ३४ वर्षांचा होता. त्याला वाटलं, शरीर न कापता गोळी शोधता आली तर माणूस वाचेल. डेव्हिड ह्यूजेस या शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये 'इंडक्शन बॅलन्स' नावाची जोडणी केली होती. त्यात कॉइल अशा मांडलेल्या असतात की एरवी टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये शांतता असते, आणि धातू जवळ आला की तोल बिघडून गुणगुण ऐकू येते. बेल आणि त्याचा सहकारी सम्नर टेंटर यांनी रात्रंदिवस खपून तिच्यापासून गोळी शोधणारं यंत्र बनवलं. आजच्या मेटल डिटेक्टरचा हा पणजोबाच म्हणा.

बेलने परीक्षा घेतली नाही असं नव्हे, उलट चांगली घेतली. मांसात गोळी लपवून बघितली. त्याहून पुढे जाऊन, यादवी युद्धात लागलेली गोळी अजून अंगात असलेले जुने सैनिक गाठले आणि त्यांच्यावर यंत्र फिरवलं. यंत्राने गोळ्या दाखवल्या. एवढं झाल्यावर २६ जुलैला यंत्र व्हाइट हाऊसमध्ये गेलं आणि तिथे नुसती खरखर आली. घाईत एक जोडणी चुकली होती. ती दुरुस्त करून १ ऑगस्टला पुन्हा प्रयत्न केला. या वेळी एका मोठ्या भागावर हलकासा आवाज येत राहिला, पण एका जागी नेमका असा नाही.

बेलला शंका आली. दुसऱ्या दिवशी त्याने चौकशी केली, की खाटेजवळ धातू नाही ना? तेव्हा कळलं की राष्ट्राध्यक्ष ज्या गादीवर झोपले होते तिच्याखाली पोलादी तारांनी विणलेली आणखी एक गादी होती! आमच्या बेंचचे पायच. बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथेच संपवतात, गादीने घात केला म्हणून. पण बेलने पुढे तशीच दुसरी गादी मिळवून तपासली आणि गादीचा फारसा परिणाम झाला नसावा असं लिहिलं. मला तो माणूस इथे जास्त आवडतो. आयती सबब हातात होती, ती त्याने घेतली नाही.

मग चुकलं कुठे? मुख्य डॉक्टर ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून यंत्र फिरलं ते उजव्या बाजूवर. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. जंतुसंसर्गाने त्यांचं सगळं शरीर पोखरलं होतं. शवविच्छेदनात गोळी सापडली डाव्या बाजूला, आणि इतकी खोल की बेलच्या यंत्राच्या टप्प्याबाहेर होती, हे त्याने स्वतःच मान्य केलं.

मुलांना मी विचारलं, यंत्र नापास झालं की परीक्षा? वर्गात दोन तट पडले, ते अजून मिटलेले नाहीत.

खोलीचा हिशोब

दहा फुटांच्या दाव्याकडे येऊ. कॉइलचं क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने विरत जातं. लहान वस्तू कॉइलच्या आकाराच्या मानाने बऱ्यापैकी लांब असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर तिथे पोचणारं क्षेत्र आठवा हिस्सा उरतं. आणि वस्तूकडून परत येणाऱ्या क्षेत्राचंही तेच, पुन्हा आठवा हिस्सा. आठ गुणिले आठ, चौसष्ट. म्हणजे खोली दुप्पट केली की यंत्राला ऐकू येणारी हाक साधारण चौसष्टाव्या हिश्श्याएवढी होते. मुलांना हे मी मैदानावर दाखवलं. एक जण हाक मारणार, ती अर्ध्या मैदानापर्यंत विरणार, आणि तिथून परत येणारा प्रतिध्वनी पुन्हा विरणार. वर्गात गणित म्हणून घेतलं तर घातांकाची ओळखही होऊन जाते.

म्हणूनच साधारण चांगलं यंत्र नाण्याएवढी वस्तू वीतभर, फार तर फूटभर खोलीवर दाखवतं. घागरीएवढी मोठी वस्तू त्याहून खाली लागू शकते. 'दहा फूट' असं नुसतं सांगणाऱ्याला विचारायचं, दहा फुटांवर केवढी वस्तू? आणि कुठल्या मातीत?

मातीचा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा. फरशीवर नाणं ठेवून वाजवणं ही हवेतली चाचणी झाली. देशावरची काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली, तिच्यात लोहाचे चुंबकीय कण असतात. कोकणातल्या जांभ्यातही लोह भरपूर. अशा जमिनीवर यंत्र मातीलाच धातू समजून कुरकुरतं, नाहीतर मातीचा आवाज दाबायला संवेदनशीलता कमी करावी लागते आणि खोली आणखी घटते. समुद्रकाठी भरतीने भिजलेली वाळू तर खारट पाण्यामुळे वीज वाहून नेते, तिथेही उगाचच वाजतं. चांगल्या यंत्रात जमिनीशी जुळवून घ्यायची सोय असते, पण ती सोय तुमच्या मातीत चालते का हे तुमच्या मातीतच बघावं लागेल. दुकानातली फरशी काय सांगणार?

नसलेल्या ठिकाणी काय करतं?

व्हिडिओत एक गोष्ट सोयीस्करपणे वगळलेली असते. नाणं नसलेल्या जागी यंत्र फिरवून दाखवत नाहीत. समजा एखादं यंत्र कायमच वाजतं. त्याच्यासमोर शंभर नाणी ठेवा, शंभरही 'सापडतील'. चूक शून्य! मॉलच्या नाहीतर स्टेशनच्या दारातली चौकट आठवा. प्रत्येकजण जातो, प्रत्येकाला वाजते, आणि बाजूचा माणूस हात हलवून पुढे जा म्हणतो. सगळ्यांना वाजणारी चौकट आणि कुणालाच न वाजणारी चौकट यांत फरक काय राहिला?

म्हणून फळ्यावर चार घरं आखायची. धातू होता आणि वाजलं. धातू होता, वाजलं नाही. नव्हता आणि वाजलं. नव्हता, वाजलं नाही. चारही घरांत आकडे पडल्याशिवाय यंत्राबद्दल बोलायचं नाही.

जमिनीतले सुरुंग काढणाऱ्यांना ही चार घरं जिवाच्या मोलाची असतात. दुसऱ्या घरातली एक चूक म्हणजे पाय किंवा जीव. तिसऱ्या घरातली प्रत्येक चूक म्हणजे गुडघ्यावर बसून हळूहळू उकरायचा आणखी एक खड्डा, आणि एका सुरुंगामागे पत्र्याचे, खिळ्यांचे शेकडो तुकडे लढाईच्या जमिनीत पडलेले असतात. माणूस कंटाळला की चुकतो. २००३ साली युरोपात सुरुंगशोधक मेटल डिटेक्टर कसे तपासायचे याची नियमावलीच तयार झाली. तिच्यात हवेतली चाचणी वेगळी, मातीतली वेगळी, आणि चालवणाऱ्याला वस्तू कुठे पुरलीय हे माहीत नसताना घेतलेली वेगळी.

ही शेवटची चाचणी न घेतल्याचं फळ इराकने भोगलं. जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या ब्रिटिश माणसाने एडीई ६५१ नावाचं 'बॉम्बशोधक' तिथे विकलं, एकेक नग हजारो डॉलरला. हातात धरायची मूठ आणि तिच्यावर बिजागरीने मोकळी फिरणारी अँटेना. बॅटरी नाही; म्हणे माणसाच्या अंगातल्या स्थिर विजेवर चालतं. आत एक कार्ड सरकवायचं, ते कुठला पदार्थ शोधायचा हे 'ठरवतं'. केंब्रिज विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी ते कार्ड उघडून बघितलं तर आत दुकानातली चोरी पकडायला वस्तूंना लावतात तसलं टॅग निघालं. मूळ वस्तू होती गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायचं वीस डॉलरच्या आतलं खेळणं. बगदादच्या नाक्यांवर सैनिक हे घेऊन गाड्या तपासत होते आणि बॉम्ब भरलेल्या गाड्या शहरात जात होत्या. २०१३ मध्ये मॅककॉर्मिकला दहा वर्षांची शिक्षा झाली. तरी नाक्यांवरची यंत्रं हटवायचा आदेश इराकच्या पंतप्रधानांनी दिला तो जुलै २०१६ मध्ये, कराडा भागातल्या स्फोटात तीनशेहून जास्त माणसं गेल्यावर.

सैनिकांना ते खरं का वाटत होतं? कारण अँटेना खरोखर वळायची. मनगट जरासं कललं तरी वळायची, आणि संशय असलेल्या गाडीसमोर मनगट नकळत कलतंच. आपल्याला हे नवीन नाही. पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ असाच उभा राहतो. आमच्या भावकीत नारळ उभा राहिला तिथे बोअर घेतली, तीनशे फुटांपर्यंत नुसती धूळ निघाली. पाणाडे लबाडच असतात असं मी म्हणत नाही, बऱ्याच जणांचा स्वतःचा पक्का विश्वास असतो. तरी चाचणी लागतेच.

आम्ही वर्गात अशी केली. वीस रिकाम्या काडेपेट्या, क्रमांक घातलेल्या. दोन मुलं दुसऱ्या खोलीत. प्रत्येक पेटीसाठी नाणं उडवायचं, छापा आला तर सायकलचा नट कापसात गुंडाळून आत, काटा आला तर नुसता कापूस. वहीत नोंद करायची आणि वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर उलटी ठेवायची. मग ती दोन मुलं बाहेरच थांबणार. हे महत्त्वाचं, कारण पहिल्या वेळी ती वर्गात उभी होती आणि यंत्र बरोबर पेटीवर आलं की एकाला हसू फुटायचं. यंत्रापेक्षा त्याचं तोंडच जास्त अचूक होतं!

नटच्या पेट्यांत आमचा मोबाईल वीसपैकी अठरा वेळा बरोबर आला. मग नटऐवजी पाच रुपयांची पिवळी नाणी घालून तेच सगळं केलं, तर वीसपैकी अकरा. मुलं म्हणाली, अकरा म्हणजे निम्म्याहून जास्त, पास! इथे थांबून समजवावं लागतं. डोळे मिटून नुसतं 'आहे', 'नाही' म्हणत गेलं तरी सरासरी दहा बरोबर येतात, अकरा सहज येतात. पण पंधरा किंवा त्याहून जास्त बरोबर येणं निव्वळ अंदाजाने शंभरात दोनदाच घडतं. म्हणून आम्ही रेघ पंधरावर ओढली. पालकहो, घरी वीस पेट्या जमवणं अवघड वाटलं तर कागदी कप उलटे ठेवा, फक्त टेबल लाकडी बघा.

जाता जाता कायद्याचंही सांगते, कारण गुप्तधनाची बोलवा गावोगाव आहे. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीतलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, शेत स्वतःचं असलं तरी. संरक्षित किल्ल्यांवर खोदणं तर सोडाच. आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर महाराष्ट्राचा २०१३ चा कायदा आहेच.

ते वडील वर्गात येऊन बसले, काडेपेट्यांचा प्रयोग पूर्ण बघितला. विक्रेत्याला त्यांनी शेतावर बोलावलं. आदल्या संध्याकाळी बापलेकांनी दहा खड्डे घेऊन बुजवले, रिकामेसुद्धा, म्हणजे ताज्या मातीवरून ओळखू नये. नाणं उडवून चार खड्ड्यांत वस्तू आल्या. दोन नाणी वीतभर खोल, एक पितळी घागर दीड फुटावर, आणि एक नाणं तीन फुटांवर. यंत्र चालवताना दोघेही घरात थांबले, नोंद शेजाऱ्याने केली.

वीतभरची दोन्ही नाणी लागली. घागर लागली, हलक्या आवाजात. तीन फुटांवरचं नाणं लागलं नाही. सहा रिकाम्या खड्ड्यांपैकी तीन ठिकाणी वाजलं. विक्रेता म्हणाला, तिथे खाली काहीतरी असणारच, खणून बघा. खणलं. एकात गंजका खिळा निघाला, दोन्हींत काळी माती.

यंत्र घेतलं नाही. मुलाने ती चार घरं वहीत आखून आणली होती: तीन, एक, तीन, तीन. खिळ्याचा खड्डा 'धातू होता' मध्ये धरायचा की 'नव्हता' मध्ये, असं त्याने विचारलं. ते मी वर्गावर सोपवलंय, शनिवारी चर्चा आहे.